सुपरवायझरची खुर्ची आणि शकु

घाटकोपर, बुधवार

तीर्थरूप धाकूमामांच्या चरणी भाचा सीतारामचा दंडवत.

दहिसरची हवा मानवतेय ना? मामींची सांधेदुखी काय म्हणते? (फोनच केला असता, पण मामी तो स्पीकरवर लावतात आणि ही गोष्ट अख्ख्या मजल्याने ऐकण्यासारखी नाही.)

मामा, माझी वाट लागली. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या आमच्या लॉन्ड्रीत मी बावीस वर्षं सुपरवायझर. आता शेठची मुलगी रुचिरा मॅनेजमेंट शिकून आली आणि म्हणे, कामापेक्षा माणूस मोठा, तेव्हा प्रत्येक पाळीने आपला सुपरवायझर स्वतःच निवडावा. सकाळच्या पाळीने निवडलं कोणाला, तर इस्त्रीवाल्या शकुला! मला एक मत पडलं (ते माझंच). आता मी तिच्या हाताखाली घड्या घालतो.

पहिल्याच दिवशी तिने विमलाला स्टूल दिलं, बसून काम कर म्हणाली. विमलाचे गुडघे दुखतात हे मला काय ठाऊक नव्हतं? बारा वर्षं ठाऊक आहे! पण दुर्लक्ष करायलाही अनुभव लागतो. मग तिने रजेचा अर्जच बंद केला. फळ्यावर नाव लिहायचं, कारण कोणी विचारायचं नाही. म्हटलं, आता लॉन्ड्री ओस पडणार. तर मेल्या रजाच कमी झाल्या आणि चादरी वेळेआधी बाहेर! नुसता जळफळाट झाला हो माझा. शेठ तिच्याशी हसून बोलतात. माझ्याकडे बघून ते बावीस वर्षांत एकदाच हसले, मी ओल्या लादीवर आपटलो तेव्हा.

म्हणून मी फळ्यावर सलग चार दिवस रजा टाकली आणि कधी एकदा काम अडतंय याची घरी बसून वाट पाहिली. ते अडलं नाही. बाकीच्यांनी माझं काम आपसात वाटून घेतलं होतं (मी कधी कोणाचं घेतलेलं आठवत नाही). पाचव्या दिवशी गेलो तर शकु म्हणते, "सीतारामदादा, घरी कोण आजारी हाय का? काय लागलं तर सांगा ना." मला इतकी लाज वाटली की तोंडातून तुमचंच नाव निघून गेलं.

असो. मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
सीताराम

ता. क. तुम्हाला न्यूमोनिया झाला आहे. रविवारी सकाळी शकु, विमला आणि आणखी सहा जण शहाळी घेऊन तुम्हाला बघायला येत आहेत. कृपया अंथरुणात असावे.

ता. क. दुसरा. सोमवारी दुपारच्या पाळीची निवड आहे आणि मी उभा आहे. दुपारची पाळीही शकुचंच ऐकते, आणि ती तुम्हाला माझ्याबद्दल नक्की विचारील. तेव्हा भाचा मनाने चांगला आहे याचं एखादं उदाहरण द्या. काहीच आठवलं नाही, तर जोरात खोका.