पमीच्या तासांचं टाइमटेबल

३ एप्रिल १९७८, सोमवार

पमीला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. लहान मुलांच्या मनाचे डॉक्टर आहेत, पुण्याहून महिन्यातून एकदा येतात. पमी सहा वर्षांची होत आली, पण बोलते फक्त आईशी, म्हणजे विमलाशी. माझ्या थोरल्या बहिणीशी, म्हणजे आक्काशी नाही. शेजारीपाजारी तर नाहीच. माझ्याशीही नाही. पाणी हवं असलं की माठाकडे बोट. जूनमध्ये पहिलीत जायचंय. तोंड उघडलं नाही तर घरी न्या, असं तिथल्या बाईंनी आत्ताच बजावलंय.

डॉक्टर म्हणाले, याला बिहेवियर थेरपी असते. रोज अर्धा तास, ठरल्या वेळी, तिच्याजवळ बसायचं. खेळायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. हळूहळू घरातल्या बाकीच्यांनी बसायचं, पण सुरुवात वडिलांनी करायची. वेळापत्रक मोडायचं नाही.

वेळापत्रक! हे मला सांगतात! आमच्या हायस्कूलचं टाइमटेबल गेली कित्येक वर्षं मी करतो. एका वर्गाच्या दारात दोन मास्तर खडू घेऊन समोरासमोर आले, असं कधी झालेलं नाही.

उद्यापासून सुरुवात.

४ एप्रिल

मंगळवार आहे. टाइमटेबल सोमवारपासून लागू होतं. ड्रॉइंग पेपर आणला. तीन रंगांची शाई आणली.

१० एप्रिल, सोमवार

पेपर आखून झाला. शाळेत वार्षिक परीक्षा, सुपरव्हिजन, डोकं उठलं. आज पमीजवळ बसताय ना, असं विमलाने विचारलं. मी म्हटलं, नकाशा पास झाल्याशिवाय घर बांधतात का? ती कणीक मळायला निघून गेली. पटलं असावं.

१६ एप्रिल, रविवार

साडेचार ते पाच राखून ठेवले होते. पण आमच्या तालमीच्या संघाची फुटबॉल मॅच. शिवाजी पेठेत राहायचं आणि मॅचला जायचं नाही, तर उद्या तोंड कुठे दाखवायचं? गेलो. हरलो. घसा बसला. रागाच्या भरात थेरपी करू नये. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, पण म्हणाले असते.

२४ एप्रिल, सोमवार

टाइमटेबल पूर्ण! माजघराच्या भिंतीला लावलं. पमीला वाचता येत नाही म्हणून ज्याचा तास त्याचं चित्र काढलंय. सकाळी झुंबरबाई (म्हैस). दुपारी आक्का (जपमाळ). संध्याकाळी विमला (पोळपाट). टाइमटेबल करणाऱ्याला तास द्यायचे नाहीत, ही आमच्या शाळेची रीत. त्याच्यामागे व्याप असतो. म्हणून मी स्वतःकडे देखरेख ठेवली आहे. देखरेखीचं चित्र कसं काढणार? सोडून दिलं.

झुंबरबाई रोज म्हैस दारात आणून समोर धार काढून देते. तिला थेरपी नीट समजावून सांगितली. ती म्हणाली, "गुरुजी, म्हस काय घंटेवर पान्हा सोडत न्हाय. पर पोरगी बसंल की माझ्याजवळ. बसू दे."

विमला म्हणाली, अहो, डॉक्टरांनी तुम्हाला बसायला सांगितलं होतं. मी तिला सुपरव्हिजनचं महत्त्व सांगितलं.

२ मे

यश! सकाळी दाढी करत होतो, म्हणजे देखरेखीवरच होतो. बाहेर झुंबरबाईचा आवाज, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असा: "गुरुजी, बोलली की ओ पोरगी! म्हशीला म्हणाली, पाय काढ!" तोंडाला फेस तसाच घेऊन धावलो. पमी मला बघून गप्प झाली. म्हशीकडे बघत राहिली.

टाइमटेबल किती पक्कं आहे ते कळलं.

७ मे

सुट्टी लागली. आता सबब नाही. उद्या पहिला अर्धा तास माझा.

८ मे

हेडमास्तरांनी बोलावलं. दोन नवीन मास्तर येणार, सगळं टाइमटेबल फिरणार. माझ्याशिवाय कोण करणार? नाही म्हणवेना.

१९ मे

आक्का स्वतःच्या तासाला घोरत होती. पमीने तिला हलवून उठवलं आणि म्हणाली, "आक्का, अजून तुझा तास संपला नाही." आक्का डोळे पुसत सांगत होती. पोरीने पहिल्यांदा तिला हाक मारली. मलाही भरून आलं. शिस्तीत पमी माझ्यावर गेली आहे. मी घरी नव्हतो. शाळेत भूगोलाचे तास बसवत होतो.

५ जून, सोमवार

डॉक्टर खूश. पमीने त्यांना म्हशीचं नाव सांगितलं. मी टाइमटेबल गुंडाळून बरोबर नेलं होतं, ते उलगडून दाखवलं. त्यांनी विचारलं, यात तुम्ही कुठे आहात? मी देखरेख समजावली. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. प्रभावित झालेले दिसले.

१२ जून, सोमवार

पमी पहिलीत बसली. बाईंनी नाव विचारलं. ती उभी राहून म्हणाली, "प्रमोदिनी माधव." खणखणीत. विमलाने येऊन सांगितलं. माझ्या शाळेचाही पहिला दिवस, मला जाता आलं नाही.

नवीन टाइमटेबलमध्ये एक चूक निघाली. आठवी ब मध्ये दोन मास्तर.

१३ जून, संध्याकाळ

लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे? पमी आता बोळातल्या सगळ्यांशी बोलते. माझ्याशी नाही. मी आत आलो की बोलणं थांबतं. वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

म्हणून आज कुणाला न सांगता तिच्याजवळ जाऊन बसलो. प्रश्न विचारला नाही. ती सागरगोटे खेळत होती, मीही दोन उचलले. तिने माझ्याकडे पाहिलं. उठली. भिंतीशी गेली. टाचा उंचावून म्हैस, जपमाळ, पोळपाट अशा सगळ्या चित्रांवरून बोट फिरवलं. परत एकदा फिरवलं. मग येऊन माझ्या हातातले सागरगोटे काढून घेतले आणि अगदी समजुतीने म्हणाली, "बाबा, तुमचा तास नाही."

बाबा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा.

एवढ्यात विमला हात पुसत आली. तिची वेळ झाली होती. मी उठून जागा दिली.