आईच्या अंगावरची जीन्स

आई, तुला त्या निळ्या जीन्सबद्दल लिहितेय. मामाने आखातातून आणलेली, मला कमरेत ढगळ होणारी, मी पट्ट्याने आवळून कॉलेजात घालायचे ती. संपात बाबांची गिरणी गेली होती, मुलुंडच्या आपल्या दोन खोल्यांत तू मशीनवर शेजारणींचे ब्लाउज शिवायचीस, आणि मी पहिल्यांदाच पँट घालून घरात वावरत होते. बाबा रागावून माझ्याकडे नाही, तुझ्याकडे बघायचे. जशी काही ती तूच घातली होतीस.

मग ती सोसायटीच्या फाटकाला अडकून गुडघ्यावर टर्रकन फाटली. तू कपाळाला हात लावलास. "घाल अजून पँट! साडी असती तर निऱ्यांत लपलं असतं गो." पण दुसऱ्या दिवशी ब्लाउज बाजूला सारून तीच घेऊन बसलीस. अरुंद पाय काही मशीनखाली सपाट बसेना. तू घाईघाईत तसाच दामटलास आणि पुढचा-मागचा कपडा एकत्र शिवून मोकळी झालीस. मी पाय घातला तर गुडघ्याशीच अडकला. आपण दोघी इतक्या हसलो की बाबा वैतागून बाहेर निघून गेले. मग तू कडेची शिवण उसवलीस, बाबांच्या जुन्या खाकी पँटचा तुकडा आतून लावलास, आणि जाड जागी सुई मोडू नये म्हणून चाक हातानेच हळूहळू फिरवत राहिलीस. तेव्हा तू गुणगुणत होतीस. ब्लाउज शिवताना तू कधी गुणगुणल्याचं मला आठवत नाही.

त्या शनिवारी मी कॉलेजातून लवकर आले. कडी नीट न बसल्यामुळे दार थोडं उघडं होतं. आत तू स्टुलावर बसली आहेस. साडी पलंगावर पडली आहे, अंगात ब्लाउज आणि ती जीन्स. कडेची शिवण कुठेतरी सुटली असावी, ती तू सुईदोऱ्याने अंगावरच टाचते आहेस आणि दातांत दोऱ्याचा तुकडा धरला आहेस. अंगावरचं शिवताना तोंडात काहीतरी धरायचं, नाहीतर अशुभ, हे तुझंच शिकवणं. मग तू उठतेस, आरशासमोर जातेस, एक पाय पुढे टाकून बघतेस. कमरेत ती तुला माप घेऊन शिवल्यासारखी बसली आहे. मी मागे फिरले, जिन्यात जाऊन बसले, आणि बऱ्याच वेळाने चपला वाजवत वर आले. तोवर तू साडीत होतीस.

"घे, आता टिकेल," म्हणालीस. घडी घालता घालता विचारलंस, "तुला ढगळच होते ना गो ही?"

"चालते की," मी म्हणाले.

माझं लग्न ठरलं तेव्हा बोहारीण दारात येऊन बसली. जुन्या साड्यांच्या ढिगावर तू ती जीन्स ठेवलीस, परत उचललीस. "देऊ?" हे तू मला विचारलंस. मी म्हणाले, "दे की, कोण घालणार आता?" तू भांड्यांतला एक स्टीलचा डबा उचललास, आणि घासाघीसही केली नाहीस. "तू घाल," एवढंच मी म्हणायला हवं होतं. बाबा ओरडले असते, शेजारणी हसल्या असत्या; पण दुपारी दार लावून, मशीनवर बसून तरी तू ती घातली असतीस. तुला तेवढंही पुरलं असतं. मी तसं म्हणाले नाही याचं मला फार वाईट वाटतं, आई. आता तुझ्या तेव्हाच्या वयाच्या बायका जीन्स घालून भाजी आणायला जातात आणि कोणी वळूनही बघत नाही.

हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे, घरात कुणाच्या हाती पडायला नको. तू ओशाळू नयेस म्हणून मी त्या दिवशी मागे फिरले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं गं. ती तुला माझ्यापेक्षा शोभत होती, आणि मला ते बघवलं नाही.