काचेवरचा छर्रा

दादा, तुम्ही हे वाचलं असतं तर आधी विचारलं असतं, लिहायला तुला कुणी लावलं? कुणी नाही लावलं. तुम्हाला जाऊन उभं आयुष्य लोटलं, तुमची ही लेकही म्हातारी झाली. आज दवाखान्यात माझ्या गुडघ्याचा फोटो काढताना ती मुलगी म्हणाली, "आजी, हलू नका," आणि मला तुमची मांडी आठवली.

त्या साली आपल्या ज्वारीत रानडुकरं शिरत होती. काकांनी, तुमच्या पाठच्या भावानं, दिवेलागणीला ठासणीच्या बंदुकीचा बार काढला आणि बांधावरून येणारे तुम्ही आडवे झालात. मांडीला भोक, धोतर रक्तानं भिजलेलं. काका रडून सांगत होते, "दादा, नुसती दारू ठासली व्हती. आवाजाला दचकून तुमी तुरीच्या खुंटावर पडलात." तुम्ही म्हणालात, "मी वाटणी मागितली म्हणून भावानं मला छर्रा घातला." जखम वरून भरली, आतून ठणकत राहिली, मधूनच पू यायचा. तुम्ही काकांच्या घरचं पाणी सोडलंत. आई जावेशी चार शब्द बोललेली दिसली, की त्या दिवशी तिच्या हातची भाकरी आधी मांजरापुढं टाकायचात. अदालतीत फिर्याद द्यायची, भावाला आत घालायचं, एवढंच तुमच्या तोंडी. मी तेव्हा नगरला मावशीकडं शिकत होते, सुट्टीत घरी आले होते. तिथल्या दवाखान्यात अंगाच्या आतलं दाखवणारं यंत्र आहे, हे मीच तुम्हाला सांगितलं. पुरावा मिळेल म्हणून तुम्ही आपल्या गावाहून, कड्याहून, नगरला जायला गाडी जुंपायला सांगितलीत आणि मला सोबत घेतलंत.

नगरच्या दवाखान्यातल्या खोलीत अंधार आहे. यंत्र तडतडतंय, वीज पडल्यावर येतो तसा वास सुटलाय. तुम्ही पालथे पडून डॉक्टरांना विचारताय, "ह्यात दिवा कुठं हाय?" डॉक्टर शांतपणे सांगतात, "पाटील, या नळीत विजेचे कण भयंकर वेगानं धावतात आणि धातूवर आपटून थबकतात. थबकताना त्यांच्यातून किरण निघतात. ते मांसातून पार जातात, हाडाशी अडतात, शिशाशी तर पुरतेच." तुम्ही मान वळवून म्हणता, "पळताना न्हाई, आन् थांबल्यावर उजेड? कावून?" डॉक्टर हसले. दादा, पुढं मी तोच विषय शिकले, मुलींना शिकवला, आणि दर वर्षी कुणीतरी पोर अगदी तेच विचारायची. आता तर त्या कणांना मोठ्या गोल वाटेनं पळवतात आणि वळणावर त्यांच्यातून निघणाऱ्या उजेडात दगडाची, औषधाची आतली घडण बघतात. तुम्ही म्हणाला असतात, बघणारा कुणाचा माणूस हाय ते आधी सांग.

फोटोची काच धुऊन आली. डॉक्टरांनी ती खिडकीशी धरली. मांडीचं हाड, आणि त्याच्याशेजारी एक गोल, पांढरा ठिपका. "छर्रा आहे," डॉक्टर म्हणाले. काका आता तुरुंगात गेले, असंच वाटलं मला. आणि तुम्ही हसलात! मांडीच्या पट्टीत बोटं घालून शिशाची गोळी काढलीत आणि टेबलावर ठेवलीत. "ही माझी हाय. घरून आणली. तुमचं यंत्र खोटं बोलतं का, बघायचं व्हतं. आता बिनगोळीचा काढा." डॉक्टर लालबुंद झाले, पण त्यांनी दुसरी काच लावली. त्या काचेवर हाड होतं, बाकी काही नव्हतं. तुम्ही ती उलटी केलीत, सुलटी केलीत. "हे हाड माझंच कशावरून?" एवढं विचारलंत, पण आवाजात जोर नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पू काढायला मांडी चिरली, तेव्हा चिमट्यात तुरीच्या खुंटाची काळी पडलेली ढलपी आली. लाकूड त्या किरणांत दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही ती ढलपी किती तरी वेळ तळहातावर घेऊन बसला होतात.

परतताना संस्थानच्या हद्दीवर, करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं काचेवरचं फडकं सोडलं. "ये क्या है?" तुम्ही म्हणालात, "माझी तंगडी हाय. हिच्यावर काय जकात लावतो?" आणि गावात शिरल्यावर गाडीवानाला म्हणालात, "धाकट्याच्या दारात सोड." काका धावत आले, तुमच्या पायाशी बसले. तुम्ही चुकलो म्हणाला नाहीत. "भूक लागलीया," म्हणालात. काकूनं पिठलं-भाकरी वाढली. पहिला घास मात्र काकांनी खाल्ल्यावरच तुम्ही घेतलात. मग फिर्यादीचं नाव तुम्ही कधी काढलं नाहीत.

हे कुठं धाडायचं? आपल्या घरात आता काकांची नातवंडं राहतात, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. राहू दे माझ्याजवळच. फक्त एक सांगते. तुम्ही भावावर संशय घेतलात, आईवर, डॉक्टरवर, यंत्रावर घेतलात. माझ्यावर कधी घेतला नाहीत. त्या दुसऱ्या काचेवर छर्रा दिसला असता, तर ती कड्यापर्यंत धड पोचली नसती, दादा. गाडीत ती माझ्याच मांडीवर होती.