वखारीमागचा वळसा

८ फेब्रुवारी, रविवार दुपार

तीर्थरूप काकांना ठमीचा नमस्कार. वाकायला कंबर तयार नाही, तेव्हा बसल्या जागेवरूनच गोड मानून घ्या. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून कागद काढला. इकडे सगळे मजेत. बाबांची तब्येत बरी आहे.

बातमी अशी की, नदीकाठचा रस्ता झाला. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मिळून एकच, मधे पांढरा पट्टा. तुम्ही लेकाकडे गेल्यापासून बंद असलेल्या तुमच्या घराच्या पायरीला अगदी लागून जातो.

गंमत म्हणजे आधी नकाशात तिथे रस्ते दोन होते. आखणी करणारी इंजिनीअर मुलगी घरी येऊन बाबांना विचारत होती, "सर, सायकलींची वाट काठाने सरळ जाते, मग पायवाटच मधे लाकडाच्या वखारीमागून का वळते? इथे खड्डा होता का?"

चहा ओतता ओतता मी ओठ चावला. खड्डा कसला! आजी कोणाकडे राहणार यावरून तुम्ही दोघे भाऊ भांडलात आणि बाबांनी तुमच्या दारावरून जाणंच सोडलं. हेडमास्तर वखारीला वळसा घालून शाळेत जाणार, म्हटल्यावर पोरंही मागून तशीच. पोरांमागून त्यांच्या आया. अख्ख्या वस्तीने तुमचा अबोला तुडवून तुडवून पक्का केला. तुम्ही मात्र सायकलवरून सरळ, आणि वखारीपाशी आलात की मुद्दाम लांबलचक घंटी. पलीकडे बाबांच्या कपाळाला आठी.

माझी मधल्या मधे पंचाईत. तुमच्या दांडीवर बसले की बाबा रात्रीपर्यंत बोलायचे नाहीत. तरी मी बसायचेच. तुम्ही सुतारकामाला निघालेले, शर्टाला भुशाचा वास, हनुवटी माझ्या डोक्यावर टेकलेली, आणि घंटी वाजवायचा मान माझा. काका, तसं सुख पुन्हा कशात मिळालं नाही.

तर बाबा त्या मुलीला म्हणाले, "एकच करा. काठाने सरळ. माझ्या गुडघ्यांना तो वळसा आता झेपत नाही."

गुडघे ठणठणीत आहेत.

वर तब्येत बरी असं लिहिलं, ते बाबा समोर पेपर वाचत बसले होते म्हणून. आता फिरायला गेलेत. त्यांचं हृदय थकलंय, काका. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या. बाबा कुणालाच बोलावू देत नाहीत. काल फक्त एवढं म्हणाले, "त्याला रस्ता झाल्याचं कळव. बाकी काही लिहू नकोस." म्हणून मी बाकीचंच लिहिते आहे.

रोज ते तुमच्या पायरीपर्यंत चालत जातात, तिथे बसतात आणि परत येतात. परवा मी मागोमाग गेले होते. घंटी ऐकली की मागे न बघता कडेला होतात. सायकल पुढे गेली की मान वर करून बघतात, कोण आहे ते. मग उगाच चष्मा पुसत राहतात.

लवकर या. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे, झाडलोट करून ठेवते. सायकलमध्ये हवा भरून घेतली आहे. चालवणं जमणार नसेल तर हातात धरून चालत या. पण पायरीपाशी याल तेव्हा घंटी वाजवा. तशीच, लांबलचक.

तुमच्या दांडीवरची,
ठमी