सुलतानच्या गोळ्या

रनाळे,
दि. ५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दीपमालास,

सासूचा आशीर्वाद. दत्ताच्या कृपेने आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? फोन केला की घरातले कान लावून बसतात, म्हणून हे पत्र. शेजारची फुलीबाई खांडबाऱ्याच्या बाजाराला येते आहे, तिच्या पिशवीत देते.

परवा घरात कानबाई देवी बसली. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ घेतात, तुला माहीतच आहे. यंदाही दोनच नावं निघाली, तुझ्या सासऱ्यांचं आणि माझ्या हेमकांतचं.

हेमकांतच्या कुत्र्याचं, सुलतानचं सांगायचं राहिलं. तू माहेरी गेल्यावर त्याला तीन माद्या दाखवल्या, तिन्ही रिकाम्या राहिल्या. हेमकांत म्हणे, "माद्याच खराब शेतस." त्यावर तुझे सासरे म्हणाले, "तीन तीन माद्या खराब कश्या ऱ्हातीन रे? दोष नरमाच शे." मी भाकरी थापत होते. हात तिथेच थांबला.

मे महिन्यात सुलतानला नंदुरबारला जनावरांच्या डॉक्टरांकडे तपासायला नेलं. माझ्याशिवाय तो गाडीत बसत नाही, म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी नीट समजावलं. बीज फार नाजूक असतं, लोखंडासारखा त्यालाही गंज चढतो. तो चढू नये म्हणून शरीरात एन्झाइम नावाचे राखणदार असतात, ते सुलतानचे कमी पडलेत. पत्र्याखाली उन्हात बांधू नका, आणि रोज दोन गोळ्या द्या, दोन महिने. नवं बीज तयार व्हायला तेवढा काळ लागतो.

मी विचारलं, "माणसाचंही असंच असतं का?"

"बरंचसं असंच, मावशी."

हेमकांत मोबाइल बघत बसला होता.

हिशेबाच्या वहीत मी तारखा आखल्या. रोज एक गोळी सुलतानला दिली. दुसरी कुटून हेमकांतच्या वरणात घातली. वहीत मात्र सुलतानच्याच नावापुढे दोन खुणा केल्या. वरण वाढताना दत्ताचं नाव घेत होते, ते कोणत्या तोंडाने, कोण जाणे.

काल पुन्हा तपासलं. सुलतान होता तसाच. डॉक्टरांनी विचारलं, "औषध पूर्ण दिलं ना?" मी वही पुढे केली. परत येताना हेमकांत म्हणाला, "कोनले तरी देई टाकू याले." सुलतान माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. मुक्या जिवाच्या तोंडचं औषध मी काढलं, दीपमाला.

कुत्र्याच्या गोळ्या पोटच्या पोराला का दिल्या, असं तू विचारशील. दोन वर्षांपूर्वी तो सुरतेला गेला होता, आठवतं? त्याची पँट धुवायला घेतली तेव्हा खिशात त्याच्या बीजाच्या तपासणीचा कागद सापडला. मी मॅट्रिक झालेली आहे, आकडे वाचता येतात. वाचला, आणि देव्हाऱ्यात फोटोमागे ठेवला. हेमकांतने तो कधी शोधला नाही, मीही विचारलं नाही. त्याच आठवड्यात तुला सोळा सोमवार धरायला लावले. फुलीबाईपुढे तुला वांझ म्हटलं तेही त्यानंतरच. अज्ञानाने म्हटलं असतं तर देवाने माफ केलं असतं.

आता ऐक. शुक्रवारी तुझे सासरे, हेमकांत आणि त्याचे दोधू काका फारकतीचा कागद घेऊन तुमच्याकडे येणार आहेत. हेमकांतसाठी अक्कलकुव्याकडची एक मुलगी बघून झाली आहे. तू सही करू नकोस. सुरतेचा तो कागद या पत्रात घातला आहे, तो तुझ्या वडिलांजवळ दे.

मलाही गाडीत घालून आणणार आहेत, तुझे दागिने ओळखायला. तू सुरतेचा कागद दाखवलास की तो कुठून आला म्हणून सगळे माझ्याकडे बघतील. हेमकांतही. तेव्हा मी खरं बोलेन असं लिहायला दोनदा पेन टेकवलं, दोनदा उचललं. देव्हाऱ्यासमोर बसले आहे, खोटं लिहवत नाही.

अजून तरी तुझी सासू,
कौसाबाई