बोंडअळीचं कारण मला सापडलं

१२ ऑगस्ट २०१८
यंदा पीएचडी. ठरलं. विषय: कारण आणि परिणाम. गाइड म्हणाले, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. दहा वर्षं हेच ऐकतो आहे. आता वावरात जाऊनच दाखवतो.

१९ ऑगस्ट, भर दुपार
बाभुळगावजवळ सासुरवाडी. सासूबाईंचं, म्हणजे रुखमाबाईंचं, चार एकर वावर, सगळी कपाशी. यंदाच्या कापसावर विहिरीला मोटार बसवायची आहे त्यांना. अळी आली का ते कळावं म्हणून वावरात आठ कामगंध सापळे टांगलेले. प्रत्येकात बोंडअळीचे पतंग. पश्चिमेच्या शेजाऱ्याकडे, रामधनकडे, सापळा नाही. तिथे तासभर उन्हात उभा राहिलो. एक पतंग दिसला नाही.
सापळेच अळी आणतात! इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

२० ऑगस्ट
उर्वशी म्हणाली, डॉक्टर घरी आला म्हणून ताप येतो का? बायको असली तरी तिचा विषय मराठी. दुर्लक्ष केलं.
प्रयोग: अर्ध्या वावरात सापळे, अर्ध्यात नाही. कुठे ते नाणं उडवून. सगळं रँडम हवं. नाणं दोनदा उडवावं लागलं, कारण पहिल्यांदा सापळे पश्चिमेला आले. तिकडे कडुनिंबाची सावली आहे, माझी खुर्ची तिथेच राहणार, अंगावर पतंग नकोत.
सासूबाईंनी एकदा सापळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, जावईबापूचा शब्द कसा मोडाव, काढून टाका.

९ सप्टेंबर, पोळा
पूर्व: पतंगच पतंग. पश्चिम: शून्य. उर्वशीनं विचारलं, सापळा नाही तर मोजले कशात? शून्य मोजायला काय लागतं!
सासूबाई रोज पूर्वेचे सापळे बघतात, पतंग वाढले की तिथली अळी लागलेली मिटलेली फुलं तोडून जाळतात. प्रयोगात सरळ ढवळाढवळ. खपवून घेणार नाही म्हणून बोलायला गेलो. पुरणपोळी वाढली होती. उद्या बोलेन.

२३ सप्टेंबर
पेपर तयार. गाइडना फोनवर वाचून दाखवला. खूप हसले. जळतात.

१४ ऑक्टोबर
बोंडं फुटली. पूर्वेला पांढरंशुभ्र. पश्चिमेला बोंडाबोंडात गुलाबी अळी, कापूस पिवळा, किडका. रामधनकडेही तेच. म्हणजे दोष पश्चिम दिशेतच असणार. नवा हायपोथेसिस. मी माघार घेणार नाही.
सासूबाई संध्याकाळपर्यंत वावराच्या धुऱ्यावर बसून होत्या. मोटारीचं नाव काढलं नाही. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हा पुरावा नव्हे.

१५ ऑक्टोबर, सकाळ, बाभुळगाव स्टँड
सासूबाईंनी चहा देता देता निष्कर्ष सांगितला. ज्या अर्ध्यात तुमची खुर्ची, तो अर्धा बुडला. जिथं तुमी पाय नाही ठेवला, तो वाचला. कारण सापडलं, जावईबापू. आता ते वावरातून काढा लागते.
माझ्या पेपरातही हीच पद्धत आहे, त्यामुळे चूक दाखवता येईना. शिदोरी बांधून मिळाली. खुर्चीही सोबत दिली.
उर्वशी निघेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, तुम्ही यवतमाळला घरी, मी इथं. दिवाळीपर्यंत बघू कुठं बरं चालतं ते. तुलना नको का?
कंडक्टरनं विचारलं, किती? मी सवयीनं दोन म्हणालो. एक माझं, एक खुर्चीचं.