ओर्विक मेलेला नाही

६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ९.१०
कादंबरीमालिकेचा सातवा भाग हातात. नऊ वर्षं थांबलो या भागासाठी. शाळेत ताप आल्याचं कळवलंय. ६१२ पानं. रोज दोनशे, म्हणजे शनिवारपर्यंत फडशा. वाचक मंडळातल्या येर्लानचा फोन. म्हणाला, पुस्तक भंगार आहे. त्याला घाईच फार. सतरा तारखेला वाचक मंडळापुढे सिद्ध करतो की हाच भाग सर्वोत्तम, नाही जमलं तर अध्यक्षपद तुझं, असं ठणकावून सांगितलं.

दुपारी ४
पान २३. राजवाड्यात धान्याच्या कोठारांवर बैठक चालू आहे. पूर्वतयारी असते ही. वाचणाऱ्याला दम हवा.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
पान ९१. बैठक चालूच. दोष रशियन भाषांतराचा. शिवाय हीटर फार तापतो, डोकं चालत नाही. खुर्ची बदलली. खोली बदलली. मग बाहेर जाऊन कुंपणाला खिळे ठोकले. उद्यापासून पहाटे पाचला.

९ नोव्हेंबर, शनिवार
साडेदहाला उठलो. झोपही हवीच.

११ नोव्हेंबर, सोमवार
पान २१२. ओर्विक जिन्यावरून घसरून पडला आणि मेला. दोन ओळींत. पुढच्या परिच्छेदात परत कोठारं! तिसऱ्या भागात जखमी घोडा खांद्यावर घेऊन ज्याने बर्फाची खिंड ओलांडली, तो जिन्यावरून? छे. मेलेला नाही. लेखिकाबाईंची खेळी आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार
तेच पान चौदा वेळा वाचलं. 'मान मोडली' असं लिहिलंय, पण कोणाची ते स्पष्ट नाही. सतरा तारखेच्या भाषणाचा मुख्य मुद्दा हाच.
आपा म्हणाली, आई आहे मी तुझी, मला कळतं. दोन दिवस जेवत नाहीस, घरभर येरझाऱ्या घालतोस. कोण गेलं रे? म्हटलं, ओर्विक, पण तो गेलेला नाही. ती म्हणाली, पहिले काही दिवस सगळ्यांनाच असं वाटतं बाळा.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
आपाने सकाळी गेलेल्या माणसासाठी करतात त्या सात शेलपेक पोळ्या तळल्या आणि ओर्विकच्या नावाने आळीत वाटल्या. तो आमचा कोण, हे तिनेही विचारलं नाही, लोकांनीही नाही. अकरापासून माणसं समाचाराला. सगळ्यांत वयस्कर सापार-अता, आळीचे आजोबाच. त्यांनी विचारलं, माणूस कसा होता?
सांगणारच होतो की पुस्तकातला आहे. पण घोड्याचं सांगायला लागलो आणि थांबलोच नाही. शेजारची कुलाश-आपा रडली. तेवढ्यात येर्लानही समाचाराला आला, रिवाजाची साखरेची पिशवी घेऊन. नाव ऐकलं. वाटलं, आता हा फिदीफिदी हसणार. नाही हसला. बूट काढून माझ्या शेजारी बसला. म्हणाला, शत्रूच्या पोरीला आपली शेवटची भाकरी दिली होती त्याने, तेही सांग.
अतांनी विचारलं, असा माणूस गेला कसा?
मी येर्लानकडे पाहिलं. त्याने गालिच्याकडे. जिन्यावरून पडून, मी म्हटलं. पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं.
अता म्हणाले, अशा माणसाला असं जाऊ दिलं? त्याच्याकडे बघणारं कोणीच नव्हतं का रे?
लेखिकाबाई आठवल्या. एक बाई होती, म्हटलं. थकली असेल.
अतांनी प्रार्थनेला हात उचलले. सगळ्यांनी उचलले. आमीन म्हणताना माझाच आवाज सगळ्यांत मोठा आला.